बेनिनचा ओबा आणि एडो लोक: राजवाड्यात जपलेला इतिहास

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीसाठी लागोसला असलेला तुमचा भाऊ डिसेंबरात बेनिन सिटीला गेला होता. तिथे राजवाड्यासमोर पोवळ्यांनी मढलेले सरदार, हातात रुंद पानासारख्या पात्याची तलवार फिरवत, राजापुढे नाचताना त्याने पाहिले. हे लोक कोण, हा राजा किती जुन्या घराण्यातला, आजच्या नायजेरियात त्याला काही अधिकार आहे का, आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या 'बेनिन ब्राँझ' मूर्ती यांच्याच का, हे तुम्ही विचारलंय.

हो, त्या यांच्याच, म्हणजे एडो लोकांच्या. त्यांच्या राजाला ओबा म्हणतात. आणि भावाने पाहिला तो इगुए नावाचा सण. योगायोग असा की ब्रिटिशांनी हे राज्य बुडवलं त्या घटनाक्रमाची सुरुवातही याच सणापासून होते. तिथे मी पुढे येतेच.

आधी एक घोळ मिटवू. एडो लोकांचं बेनिन हे दक्षिण नायजेरियात आहे. बेनिन सिटी ही आजच्या एडो राज्याची राजधानी. शेजारी 'बेनिन' नावाचा जो स्वतंत्र देश आहे, त्याचं नाव १९७५ पर्यंत दाहोमी होतं. तिथले राजे वेगळे, इतिहास वेगळा.

पश्चिम आफ्रिकेतल्या धातुकामाच्या नोंदी आणि जतन हे माझं काम. त्यामुळे या राज्याकडे मी वस्तूंच्या वाटेने पोहोचले आणि माझं उत्तरही त्या बाजूला झुकलेलं असणार. इतकी वर्षं या वस्तू पाहून माझं एक मत पक्कं झालंय. एडो लोकांनी आपला इतिहास पोथ्यांत लिहिला नाही. तो त्यांनी मानकऱ्यांच्या हुद्द्यांत, राज्याभिषेकाच्या वाटेत आणि पितळेत साठवला. त्यामुळे राजवाडा हेच त्यांचं दफ्तर, आणि १८९७ मध्ये काय लुटलं गेलं ते या नजरेने पाहिलं तरच नीट कळतं.

परंपरेनुसार पहिलं घराणं ओगिसो राजांचं. तेव्हा राज्याला इगोडोमिगोडो म्हणत. पहिला ओगिसो इगोडो, शेवटचा ओवोडो. एमोसे आणि ओर्होर्हो या दोन स्त्रियांनीही ओगिसो म्हणून राज्य केल्याचं सांगतात. ओवोडोचा एकुलता मुलगा एकालादेर्हान. राजाला आणखी मुलं का होत नाहीत याचा कौल घेतला गेला, तेव्हा थोरल्या राणीने तो फिरवून सांगितला आणि दोष राजपुत्रावर आला. त्याला मारायला नेणाऱ्यांनी दया येऊन त्याला सोडून दिलं. पुढे ओवोडोलाही लोकांनी हाकललं, आणि गादी रिकामी पडली.

इथून पुढे दोन परंपरांचं भांडण आहे, आणि ते आजही गरमागरमीचं आहे. शेजारच्या योरुबा लोकांची परंपरा सांगते की इफे या त्यांच्या जुन्या नगराचा मूळपुरुष ओदुदुवा. एडो लोकांनी राजा मागितला म्हणून त्याने आपला मुलगा ओरानमियान पाठवला. एडो परंपरा, विशेषतः राजवाड्याची, सांगते की वनवासात गेलेला एकालादेर्हानच इफेला पोहोचला आणि ओदुदुवा झाला. म्हणजे ओरानमियान परका नव्हता, घरचाच नातू परत आला होता. आधीचे ओबा एरेदियाउवा यांनी ही बाजू ठामपणे मांडली तेव्हा इफेकडून तितकाच ठाम विरोध झाला. कोण खरं, हे मला विचाराल तर दोन्ही बाजू एका गाभ्यावर सहमत आहेत, आणि मी त्या गाभ्यावर जास्त विसंबते: जुनं घराणं संपलं, इफेशी नातं असलेला एक राजपुत्र आला, तो इथे रमला नाही, आणि इथल्याच बाईच्या पोटी झालेला मुलगा राजा झाला. ती बाई एरिनम्विंदे, एगोरच्या प्रमुखाची मुलगी. मुलगा एवेका, पहिला ओबा. मुलगा लहानपणी बोलत नसे. गोट्यांसारख्या एका खेळात नेम लागला तेव्हा आनंदाने जो पहिला शब्द तोंडून निघाला, त्यावरून त्याचं नाव पडलं, अशी कथा आहे.

एवेकाचा काळ सुमारे १२०० धरतात. जुन्या ओबांच्या या तारखा दगडावरून किंवा कागदावरून आलेल्या नाहीत. बेनिनचे इतिहासकार जेकब एघारेव्बा यांनी १९३० च्या दशकात राजवाड्यातल्या जाणत्यांकडून राजांची यादी आणि कथा लिहून घेतल्या आणि त्यावरून काळ बसवला. पोर्तुगीज येईपर्यंतच्या तारखा म्हणून अंदाजाने घ्याव्यात. राजांचा क्रम मात्र बराच भरवशाचा आहे, कारण त्या क्रमावर लोकांचे हुद्दे, जमिनी आणि मान अवलंबून होते. चुकीचं सांगितलं तर कुणाचा तरी हक्क बुडायचा, आणि तो गप्प बसला नसता.

आता राज्याभिषेक. सध्याचे ओबा एवुआरे दुसरे यांचा अभिषेक २० ऑक्टोबर २०१६ रोजी झाला. त्यातला जवळजवळ प्रत्येक टप्पा हा एकेका जुन्या घटनेचा पुन्हा केलेला प्रयोग असतो.

ओबा मेला असं कुणी म्हणत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये एरेदियाउवा यांच्या निधनाची घोषणा झाली ती एका ज्येष्ठ मानकऱ्याने पांढऱ्या खडूचा गोळा जमिनीवर फोडून, आणि बिबट्या रानात आजारी आहे अशा अर्थाच्या शब्दांनी. बिबट्या हे ओबाचं प्रतीक: रानातला राजा तो, घरातला राजा हा. मग थोरला मुलगा वडिलांचे सगळे अंत्यविधी पुरे करतो. ते झाल्याशिवाय त्याला गादी नाही.

युवराजाला एडाइकेन म्हणतात आणि त्याचं ठाणं मुख्य राजवाड्यात नसतं, उसेलू भागात असतं. अभिषेकाच्या वेळी तो तिथून निघतो. वाटेत ठरलेल्या एका ताडजातीच्या झाडावर चढण्याचा विधी करतो. कष्टाशिवाय वैभव नाही असा त्याचा अर्थ सांगितला जातो. मग उसे गावी जाऊन राजा म्हणून घ्यायचं नाव ठरवतो. मुकुट देण्याचा मान उझामा या जुन्या मानकऱ्यांचा. त्यांत ओलिहा अग्रणी. शिवाय एडोहेन, एझोमो, एरो, एहोलो आणि ओलोतोन. स्वतः युवराजही सातवा उझामा गणला जातो.

यानंतर सगळ्यात बोलका भाग येतो. नवा राजा इसेखेर्हे इथला पूल पार करतो, आणि पुढे ओगिआमिएन नावाच्या मानकऱ्याशी त्याची लुटुपुटीची लढाई होते. राजा जिंकतो, समेट होतो. हा ओगिआमिएन कोण? ओगिसो घराणं संपल्यावर आणि ओबा येण्याआधी ज्या कुटुंबाने शहरावर सत्ता गाजवली, त्याचा वारस. तेराव्या शतकात ओबा एवेदोने उसामाहून आजच्या जागी राजवाडा हलवला, तेव्हा ओगिआमिएनशी खरी लढाई झाली आणि तहात ती मिटली. तेव्हापासून प्रत्येक राजाला हे भांडण आणि हा तह पुन्हा करावा लागतो. हरलेल्या पक्षाचा वारस आजही त्याच नावाने हजर असतो, आणि त्याच्यावाचून राजा पुरता राजा होत नाही. आपण कुणाच्या जागेवर बसलो आहोत हे राजाला पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर आठवून द्यायची ही व्यवस्था मला फार प्रगल्भ वाटते.

याच एवेदोने उझामांचाही तोरा उतरवला. राजासमोर त्यांनी बसायचं नाही, उभं राहायचं, हा नियम त्याचा. पुढे पंधराव्या शतकात, साधारण १४४० ते १४७३ या काळात, थोरला एवुआरे झाला. त्याची गोष्ट चित्रपटासारखी आहे. ओगुन नावाचा हा राजपुत्र परागंदा झालेला, भाऊ गादीवर. शहरात चोरून परतला तेव्हा एमोतान नावाच्या, बाजारात खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या एका बाईने त्याला आसरा दिला आणि कटाची खबर दिली. राजा झाल्यावर त्याने तिला मान दिला आणि तिच्या मृत्यूनंतर तिच्या जागी पूजा सुरू केली. ओबा मार्केटसमोर आज तिचा पुतळा आहे. ओबा अकेन्झुआ दुसरे यांनी तो १९५४ मध्ये उघडला. कुठलीही मोठी मिरवणूक तिथून जाताना तिला मान देऊन पुढे जाते.

एवुआरेने राज्याची घडी बसवली. जुन्या उझामांना तोल म्हणून त्याने दोन नवे गट पुढे आणले: राजवाड्यातले मानकरी आणि गावातले मानकरी. गावातल्यांचा प्रमुख इयासे. भर दरबारात राजाला विरोध करण्याचा अधिकार इयासेला होता, आणि अनेकांनी तो वापरला. राजवाड्यातली कामंही वाटलेली होती: इवेबो गटाकडे राजाची वस्त्रं, पोवळी आणि खजिना, इवेगुआएकडे खासगी सेवा, इबिवेकडे राण्या आणि मुलं. सामान्य घरातला मुलगा या गटांतून चढत वर जाऊ शके. थोरल्या मुलालाच गादी हा नियमही एवुआरेच्या नावावर सांगतात, पण पुढची दोन-अडीचशे वर्षं भावाभावांत लढाया होतच राहिल्या. तो नियम खरा घट्ट झाला अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, ओबा एवुआक्पेनंतर. एवुआक्पेवर तर प्रजेने असा बहिष्कार टाकला होता की राजवाड्यात त्याच्यासोबत इदेन ही एकटी राणी उरली. राज्य परत मिळावं म्हणून तिने स्वतःचा बळी दिला, असं परंपरा सांगते.

शहराभोवतीचे खंदक आणि मातीचे बांध, ज्यांना तिथे इया म्हणतात, त्यांचंही बरंचसं श्रेय एवुआरेला देतात. आतल्या बांधाचा घेर ११ किलोमीटरांहून जास्त. १९६० च्या दशकात ग्रॅहम कॉना यांनी उत्खनन केलं तेव्हा खंदकाच्या तळापासून बांधाच्या माथ्यापर्यंत सुमारे १७ मीटर उंची भरली. शहराबाहेर गावोगावच्या खंदकांचं जाळं आहे. पॅट्रिक डार्लिंग यांच्या अंदाजाने त्याची एकूण लांबी १६,००० किलोमीटरांच्या घरात जाते. आज पुष्कळ ठिकाणी त्यावर घरं आणि कचरा आहे. पाहून जीव तुटतो.

पोर्तुगीज इथे १४८५-८६ च्या सुमारास आले. जोआओ अफोन्सो दे अवेइरो हा नाव माहीत असलेला पहिला. त्यांना मिरी, हस्तिदंत आणि माणसं हवी होती. एडोंना पितळ, पोवळी, कापड आणि बंदुका. १५१४ मध्ये बेनिनहून वकील लिस्बनला गेले. त्यांना भेटणारा राजा मानुएल पहिला, ज्याच्या आरमाराने चारच वर्षांपूर्वी गोवा घेतला होता. त्याने पाद्री देऊ केले, शस्त्रं मात्र ख्रिस्ती झाल्यावर, असं कळवलं. पाद्री आले, १५१६ मध्ये ओबा एसिगिएने आपला मुलगा आणि काही सरदार यांना बाप्तिस्मा घ्यायला लावला, पण स्वतः घेतला नाही. गोव्यात किल्ला बसला. बेनिनमध्ये पोर्तुगिजांना ओबाच्या नियमांप्रमाणे घासाघीस करतच व्यापार करावा लागला. याच सुमारास ओबांनी पुरुष गुलामांची विक्री बंद केली आणि दीर्घकाळ ती बंदच ठेवली. म्हणून हे राज्य गुलामांच्या व्यापारापासून अलिप्त होतं असं मात्र नाही. स्त्रिया विकल्या जात होत्या, युद्धकैदी राबवले जात होते, आणि अठराव्या शतकात पुरुषांची विक्रीही पुन्हा चालू झाली. मालदीवच्या कवड्या पोर्तुगीज जहाजांनी याच किनाऱ्यावर नेल्या आणि तिथे त्या नाणं म्हणून चालल्या. हिंदी महासागर आणि बेनिन यांचा हा थेट धागा.

एसिगिएचं नाव निघालं की इदिया आलीच. सावत्र भाऊ आर्हुआरान आणि इगालांचा राजा या दोघांशी एसिगिए लढला तेव्हा त्याच्या आईने, इदियाने, सैन्य उभं केलं, औषध-मंत्र केले. राज्य स्थिरावल्यावर एसिगिएने तिच्यासाठी इयोबा, म्हणजे राजमाता, हे पद निर्माण केलं आणि उसेलूला स्वतंत्र वाडा दिला. कपाळावर दोन उभ्या खुणा असलेला तिचा हस्तिदंती मुखवटा तुम्ही पाहिला असेल. असे एकाहून अधिक मुखवटे आहेत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममधल्या मुखवट्याच्या शिरोभूषणात एकाआड एक पोर्तुगिजांचे दाढीवाले चेहरे आणि चिखलमासे कोरलेत. चिखलमासा पाण्यातही जगतो आणि जमिनीवरही. समुद्रदेव ओलोकुन आणि राजा या दोघांचं ते चिन्ह, आणि समुद्रावरून आलेली माणसं त्याच ओळीत बसवलेली. १९७७ च्या लागोसमधल्या आफ्रिकी कला महोत्सवाचं चिन्ह म्हणून नायजेरियाने याचा ब्रिटिश म्युझियममधला जोडीदार मुखवटा निवडला. मूळ वस्तू ब्रिटिश म्युझियमने तेवढ्या दिवसांसाठीही दिली नाही.

आता पितळेकडे. परंपरा सांगते की ओबा ओगुओलाने इफेहून ओतकामाचा उस्ताद मागवला. त्याचं नाव इगुए-इघा. त्याच्या वारसांची वस्ती म्हणजे बेनिन सिटीतला इगुन रस्ता. पुण्यातल्या तांबट आळीसारखं समजा: एका कामाची घराणी, एकाच आळीत, आणि काम बापाकडून मुलाकडे. फरक इतका की इगुनची घराणी फक्त ओबासाठी ओतत. दुसऱ्या कुणासाठी पितळ ओतायचं तर राजाची परवानगी लागे. हस्तिदंत आणि लाकूड कोरणाऱ्यांची श्रेणी वेगळी, इग्बेसान्म्वान नावाची.

पद्धत अशी: मातीचा गाभा करायचा, त्यावर मेणाचा थर चढवून सगळं बारीक काम मेणात करायचं, वरून पुन्हा मातीचे लेप, मग तापवून मेण वाहू द्यायचं आणि त्या पोकळीत वितळलेला धातू ओतायचा. साचा फोडल्याशिवाय वस्तू बाहेर येत नाही, म्हणून प्रत्येक वस्तू एकुलती एक. जगभर 'ब्राँझ' म्हणतात, पण यातल्या बहुतेक वस्तू पितळेच्या आहेत. धातू बराचसा पोर्तुगिजांनी आणलेल्या मनिला या कड्यांमधून आलेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीत या कड्यांचं पितळ जर्मनीतल्या ऱ्हाइनलँडचं असल्याचं दिसून आलं. ही कडी गुलामांच्या व्यापारातही चलन होती. गुलामगिरीत नेलेल्यांच्या वंशजांपैकी काहीजण म्हणतात, या मूर्तींवर आमचाही वाटा आहे. हे म्हणणं मला बाजूला सारता येत नाही.

नवा ओबा गादीवर आला की त्याने वडिलांच्या स्मरणार्थ पितळी मस्तक ओतवून घ्यायचं आणि पूर्वजांच्या वेदीवर ठेवायचं. मस्तकाच्या माथ्यावर गोल भोक असतं. त्यात कोरीव हस्तिदंत उभा करतात, आणि त्या दातावर त्या राजाच्या कारकिर्दीतली चित्रं. सोबत घंटा आणि उखुर्हे हे खुळखुळणारे दंड, ज्यांच्या आवाजाने पूर्वजांना साद घालायची. राजाचं मस्तक पितळेचं, सरदारांच्या वेदीवर लाकडाचं, ओतकाम करणाऱ्यांच्या स्वतःच्या वेदीवर मातीचं. जुनी मस्तकं पातळ ओतलेली आणि हलकी. नंतरची जाड, गळ्यातली पोवळी हनुवटीच्याही वर चढलेली. एकोणिसाव्या शतकात मुकुटाला दोन्ही बाजूंनी पंखांसारखे तुकडे येतात. नुसती मस्तकं ओळीने मांडली तरी राज्याची चढउतार डोळ्यांना दिसते.

याशिवाय चौकोनी पितळी पट्ट. ते राजवाड्याच्या लाकडी खांबांवर ठोकलेले असत. कोपऱ्यांतली खिळ्यांची भोकं अजून दिसतात. डच लेखक ओल्फर्ट डापर याने १६६८ मध्ये लिहिलं की खांब वरपासून खालपर्यंत तांब्याने मढवलेले आहेत आणि त्यावर लढाया आणि पराक्रम कोरले आहेत, आणि राजवाडा हार्लेम शहराएवढा आहे. तो स्वतः तिथे गेला नव्हता, इतरांच्या वर्णनांवरून लिहीत होता. तरी खांबांबद्दलचं वर्णन वस्तूंशी जुळतं. पट्टांवर कोण कुठे उभा आहे, कुणाच्या गळ्यात किती पोवळी, कोण राजाचा हात धरून आहे, कुणाच्या हातात एबेन ही तलवार आणि कुणाच्या हातात आदा, यावरून जाणकार माणूस दरबाराचा प्रसंग ओळखतो. तुमच्या भावाने जी तलवार फिरताना पाहिली ती एबेन. सोळाव्या शतकातल्या पट्टावरचा सरदार हाच एबेन उंचावून उभा आहे.

१८९७ कडे येते. पाम तेल आणि रबराचा व्यापार ओबा ओवोनराम्वेन आपल्या अटींवर चालवत होता, आणि किनाऱ्यावरच्या ब्रिटिशांना ते खुपत होतं. १८९२ मध्ये गॉलवे नावाच्या अधिकाऱ्याने एक करार करून घेतला, ज्यात राजाने व्यापार खुला करायचा होता. त्या कागदाचा राजाला काय अर्थ सांगितला गेला यावर आजही वाद आहे. १८९६ च्या अखेरीस हंगामी कॉन्सुल जनरल जेम्स फिलिप्स याने लंडनला लिहिलं की ओबाला पदच्युत करायची परवानगी द्या, आणि राजवाड्यातल्या हस्तिदंतातून मोहिमेचा खर्च भागेल अशी आशा आहे. उत्तराची वाट न पाहता तो जानेवारी १८९७ मध्ये थोडे गोरे सहकारी आणि दोनशेहून अधिक आफ्रिकी हमाल घेऊन निघाला. राजवाड्यातून निरोप आला: इगुएचे विधी चालू आहेत, या दिवसांत राजा परक्यांना भेटत नाही, थांबा. तो थांबला नाही. ओबाने त्यांना येऊ द्यावं असं म्हटल्याचं सांगतात, पण ओलोगबोसेरे या सरदाराच्या पुढाकाराने इतर सरदारांनी वाटेत हल्ला केला. गोऱ्यांपैकी दोघेच वाचले. हमालांपैकी बहुतेक मारले गेले किंवा पकडले गेले. त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

सहा आठवड्यांत रिअर ॲडमिरल रॉसन सुमारे १,२०० सैनिक आणि मॅक्झिम तोफा घेऊन आला. १८ फेब्रुवारीला शहर पडलं. तीन दिवसांनी आग लागली आणि राजवाडा, वस्ती, सगळं जळलं. ब्रिटिश वृत्तान्तांत नरबळींचं वर्णन फार येतं. नरबळी बेनिनमध्ये दिले जात, हे खरं आहे आणि एडो इतिहासकारही ते नाकारत नाहीत. पण मोहिमेची मागणी व्यापारासाठी आणि हस्तिदंताच्या हिशेबासह आधीच लिहिली गेली होती, हेही कागदोपत्री आहे.

वेद्यांवरची मस्तकं, दात, कोठारात रचून ठेवलेले शेकडो पट्ट बाहेर काढले गेले. काही अधिकाऱ्यांनी वाटून घेतले, बाकी खर्चाच्या भरपाईसाठी विकले. बर्लिनच्या फेलिक्स फॉन लुशान याने ताबडतोब खरेदी सुरू केली आणि युरोपातल्या थोर ओतकारांनाही यापेक्षा चांगलं जमलं नसतं असं लिहिलं. पण वेदीवरचा क्रम, कोणतं मस्तक कोणत्या राजाचं, कोणता पट्ट कोणत्या खांबावर, हे कुणी टिपून घेतलं नाही. वस्तूंची नोंद करणारी म्हणून मला सर्वांत जास्त लागतं ते हेच. वस्तू आज शोधता येतात. 'डिजिटल बेनिन' या खुल्या सूचीत २० देशांतल्या शंभराहून अधिक संस्थांमधल्या पाच हजारांहून अधिक वस्तू आहेत. त्यांची मांडणी मात्र परत येणार नाही.

ओवोनराम्वेन ऑगस्टमध्ये स्वतः हजर झाला. त्याला कालाबारला हद्दपार केलं, आणि तिथेच जानेवारी १९१४ मध्ये तो वारला. ओलोगबोसेरेला १८९९ मध्ये फाशी झाली. सतरा वर्षं गादी रिकामी होती. १९१४ मध्ये ब्रिटिशांनी ओवोनराम्वेनच्या मुलाला एवेका दुसरा म्हणून मान्यता दिली. हा राजा स्वतः कोरीवकाम आणि ओतकाम करणारा होता. त्याने राजवाड्याचा लहान भाग पुन्हा उभारला, रिकाम्या वेद्यांसाठी नव्या वस्तू घडवल्या आणि कारागिरांना बाजारासाठी काम करायला मोकळीक दिली, म्हणून इगुन जगलं. मग अकेन्झुआ दुसरे (१९३३ ते १९७८), एरेदियाउवा (१९७९ ते २०१६), आणि आजचे एवुआरे दुसरे. १९३८ मध्ये राजघराण्याची पोवळ्यांची काही वस्त्रभूषणं इंग्लंडहून परत आली. त्यानंतर दशकानुदशकं फारसं काही आलं नाही.

अधिकाराबद्दल. नायजेरियाची राज्यघटना पारंपरिक राजांना राज्यकारभाराचा अधिकार देत नाही. कायदा, कर, पोलीस, सगळं सरकारचं. तरी गावप्रमुखांचे वाद आणि मानाच्या पदव्या ओबाकडे जातात, आणि त्याचा शब्द किती खोल जातो याचं एक उदाहरण पुरे. एडो राज्यातून मुलींना युरोपात वेश्याव्यवसायासाठी नेणारे दलाल त्यांना देवळात शपथ घ्यायला लावत. शपथ मोडली तर मरशील, ही भीती. मार्च २०१८ मध्ये एवुआरे दुसरे यांनी पुजाऱ्यांना राजवाड्यात बोलावलं, त्या सगळ्या शपथा रद्द ठरवल्या आणि दलालांना शाप दिला. पोलिसांची धमकी जिथे पोहोचत नव्हती, तिथे हे पोहोचलं. त्यानंतर काही मुलींनी कर्ज फेडायला नकार दिल्याचं मदतसंस्थांनी सांगितलं.

वस्तू परत येण्याचं काम २०२१ पासून वेगाने सुरू झालं. केंब्रिजच्या जीझस कॉलेजने पितळी कोंबडा दिला, ॲबर्डीन विद्यापीठाने राजाचं मस्तक. २०२२ मध्ये जर्मनीने मालकी सोडली आणि डिसेंबरात २० वस्तू स्वतः आणून दिल्या, अमेरिकेच्या स्मिथसोनियनने २९ परत केल्या. २०२५ मध्ये नेदरलँड्सने ११९ दिल्या. ब्रिटिश म्युझियमकडे सुमारे ९०० आहेत, आणि १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवून ते नाही म्हणतं. मराठी वाचकाला हा मुद्दा नवा नाही: २०२४ मध्ये लंडनहून साताऱ्याला आलेली वाघनखं तीन वर्षांच्या उसन्या करारावर आहेत. एडो लोक उसनवारीला तयार नाहीत. वेदीवरची वस्तू कुणी मुदतीने देऊ शकत नाही, असं ते म्हणतात, आणि मला ते पूर्ण पटतं.

नायजेरियात मग प्रश्न आला, परत आलेलं कुणाचं? राष्ट्राचं, एडो राज्य सरकारचं की ओबाचं? मार्च २०२३ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी घोषणा करून मालकी ओबाची ठरवली. काही युरोपीय संग्रहालयं त्यामुळे कचरली. सार्वजनिक ठेवा एका घराण्याकडे जाईल अशी त्यांची शंका. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेनिन सिटीतल्या नव्या संग्रहालयाच्या उद्घाटनाआधी आंदोलक आत घुसले, त्यामागेही हाच वाद होता. माझं मत: ज्या वेदीवरून उचललं त्या वेदीच्या धन्याकडे जावं, आणि लोकांना पाहायची सोय काय असावी हे त्यांनी आपसांत ठरवावं. लुटलेला माल परत करताना अट घालण्याचा अधिकार लुटणाऱ्याकडे उरत नाही.

राहिला इगुए. एडो समजुतीप्रमाणे माणसाचं दैव त्याच्या मस्तकात असतं. वर्षभर मस्तकाने सांभाळलं म्हणून त्याची पूजा करायची, नव्या वर्षासाठी बळ मागायचं. आधी ओबाची, नंतर घरोघरी प्रत्येकाची. पितळेची मस्तकं का केली जातात, याचंही उत्तर यातच आहे. सण काही दिवस चालतो: वडिलांच्या स्मरणाचा विधी, सरदारांचं एबेन घेऊन नाचणं, अनिष्ट शक्तींना हाकलणारा एमोबो. शेवटच्या पहाटे मुलं जळती लाकडं घेऊन उबी या अभागी राणीला गावाबाहेर घालवतात आणि परतताना एवेरे या भाग्यवान राणीच्या नावाची पानं आणतात. ती पानं घरोघर वाटतात, डोक्याला लावतात आणि 'इसेलोग्बे' म्हणून नव्या वर्षाच्या शुभेच्छा देतात. दोघीही थोरल्या एवुआरेच्या कथेतल्या.

भाऊ पुन्हा गेला तर त्याला एमोतानचा पुतळा आणि ओबा ओवोनराम्वेन चौकातलं राष्ट्रीय संग्रहालय पाहायला सांगा. इगुन रस्त्यावर सकाळी जावं. ओतकाम चालू असेल तर विचारून बघत उभं राहता येतं. धातू आता जुने नळ आणि मोटारींचे सुटे भाग वितळवून मिळवतात, पण मेण आणि मातीचं काम तेच आहे. राजवाड्यात फोटो परवानगीशिवाय काढू नयेत. आणि इगुनमधून एखादी मूर्ती घेतलीच, तर ती नवी आहे असं राष्ट्रीय संग्रहालय आयोगाचं पत्र घेऊनच देशाबाहेर न्यावी, नाहीतर विमानतळावर ती पुरातन समजून अडवली जाण्याची शक्यता असते.